बॉस्टन जिंकेल त्या वर्षी

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायर परगण्यात, लीड्स मुक्कामी, कोल्हापूरचे एक सद्गृहस्थ राजरोसपणे बेसबॉल बघत असत. कृपया बसून घ्या. हवं असल्यास पाणी घ्या. मला ही बातमी कळली तेव्हा सुदैवाने मी बसलेलो होतो.

यॉर्कशायर काय चीज आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे क्रिकेट हा खेळ नाही, गोत्र आहे. आणि आम्ही मराठी मंडळी त्या गोत्रात आनंदाने दत्तक गेलेलो. अशा गावात, अशा माणसांत, डॉ. रंगराव इंगवले यांनी बेसबॉल बघावं, म्हणजे एखाद्याने एकादशीला मटण तर खावंच, वर शेजाऱ्याला वाटी पाठवावी.

माझं चष्म्याचं दुकान आहे. डॉक्टर पहिल्यांदा आले ते डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून. मी त्यांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. तो त्यांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला आणि म्हणाले, हे दिसतंय, टीव्हीच्या कोपऱ्यातला स्कोअर दिसत नाही, त्याचं काय ते बोला. मी उत्साहाने विचारलं, कुठली टेस्ट? म्हणाले, बॉस्टन. मी म्हटलं, बॉस्टनला कसली टेस्ट? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की नजर माझीच तपासायला हवी. त्या दिवसापासून मी त्यांचा 'चष्मेवाले' झालो, आणि माझ्या शनिवार संध्याकाळी कायमच्या गेल्या.

डॉक्टर भुलीचे. तरुणपणी दोन वर्षं बॉस्टनच्या एका हॉस्पिटलात शिकायला होते. तिथे कुणीतरी त्यांना सर्वांत स्वस्त तिकिटावर मॅचला नेलं आणि हा माणूस तिथेच भुलीखाली गेला तो पुन्हा शुद्धीवर आला नाही. लीड्सला नोकरी धरली, घर घेतलं, कौन्सिलकडून भाजीसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घेऊन त्यात मेथी लावली, पण हृदयाचा एक कप्पा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहिला. अंगाने आडवे, मिशी झुपकेदार, आवाज तालमीतला. बायपासच्या पेशंटला भूल देतानासुद्धा ते बॉस्टनच्या बॅट्समनांची नावं क्रमाने म्हणायला लावत. म्हणत, आकडे उलटे मोजून कुणाचं भलं झालंय? अख्खी टीम म्हणून पूर्ण करणारा पेशंट त्यांना आयुष्यात भेटला नाही.

दोन हजारच्या आसपास इथल्या एका चॅनेलवर बेसबॉल लागायचं, पण अशा अवेळी की फक्त चोर आणि परिचारिका जागे असावेत. सकाळी ऑपरेशनं. मग डॉक्टर व्हिडिओवर मॅच टेप करत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघत. यातून एक नेम निघाला, आणि तो नेम सगळ्या हॉस्पिटलला पाळावा लागे. मॅचच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कुणी निकाल सांगायचा नाही. सकाळी ते थिएटरच्या दारात आले की हाताचा पंजा वर करत, आणि मग यॉर्कशायरच्या त्या खमक्या सिस्टर दिवसभर त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलत. घरीही तेच. मुलगी केतकी फोन करायची तर सुरुवातीलाच सांगायची, "बाबा, मी काय नाही बघितली, मला काय नाही माहीत."

एकदाच हा नेम मोडला. एक अमेरिकन गृहस्थ हर्नियासाठी टेबलावर होते. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे बॉस्टनचा विषय काढला. गृहस्थ खुलले, म्हणाले, डॉक्टर, काल रात्री काय वाईट हरलात हो तुम्ही, आणि झोपले. पुढचा सगळा वेळ डॉक्टर त्या माणसाच्या कपाळाकडे असे बघत उभे होते की सर्जनने दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना? पेशंट शुद्धीवर येताच डॉक्टर त्याच्यावर वाकले. बरं वाटतंय का, दुखतंय का, काही नाही. पहिला प्रश्न, "कितीने?" पेशंटला काहीच आठवेना. भुलीच्या गुंगीत माणसाला स्वतःचं नावही धड आठवत नाही. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसले. म्हणाले, "चष्मेवाले, माझंच औषध. मीच दिलेलं."

शनिवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरे. सभासद डॉक्टर, मी आणि दिलीप बर्वे. दिलीप हा कॉम्प्युटरवाला, न्यूजर्सीत काही वर्षं काढून लीड्सला आलेला, आणि म्हणून न्यूयॉर्कचा भक्त. न्यूयॉर्क म्हणजे बॉस्टनचा सात पिढ्यांचा वैरी. श्रीमंत टीम, वाटेल तो खेळाडू विकत घेणारी, दर दोन-चार वर्षांनी जिंकणारी. दिलीप सोफ्यावर मांडी घालून बसायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "काका, यंदा तरी का?" डॉक्टर म्हणायचे, "खा, पोहे खा. पैशाने आणलेली टीम तुझी. सासऱ्याच्या गाडीतून मिरवल्यासारखं आहे ते." मग कुणाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हातारा झाला, कुणाचा खांदा गेला, किती मॅच शिल्लक आणि कोण किती मागे, यावर तास तास जात. मी मधून मधून, "म्हणजे हा आपल्याकडचा यॉर्कर का?" असं काहीतरी विचारून दोघांचीही करुणा मिळवत असे.

आणि आता धक्का क्रमांक दोन. पोह्यांच्या बश्या घेऊन येणाऱ्या मालतीवहिनी. कॉटनची साडी, वर कार्डिगन, केसांत पांढरी बट. मला वाटायचं, बिचारी, नवऱ्याचं खूळ सोसते आहे. एका शनिवारी दोघे हमरीतुमरीवर आलेले असताना वहिनी बशी ठेवता ठेवता शांतपणे म्हणाल्या की मुळात त्या पिचरला सातव्या डावातच बसवायला हवं होतं, त्याची कोपर खाली यायला लागली होती. दिलीपच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच थांबला. डॉक्टर मात्र खाली मान घालून लिंबू पिळत होते. त्यांना हे जुनं होतं.

कारण पुढे वहिनींनीच सांगितलं. लग्नाआधी त्या कोल्हापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. इथे त्यांना शाळेत काम मिळालं ते जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं. ज्या बाईने नकाशावर जग दाखवलं तिने पोरांना 'वाटाणे संपव' म्हणायचं. पहिल्या हिवाळ्यापासून त्यांनी धोशा लावला, परत चला. डॉक्टर आज, उद्या करत राहिले. परत गेलं की ते इंगवल्यांचे थोरले. चार भावांची भांडणं, सामायिक विहीर आणि प्रत्येक बारशाला अध्यक्षपद. लीड्समध्ये ते फक्त रंगा होते आणि त्यांना ते फार सुखाचं होतं. शेवटी एका गणपतीत, घरात दहा माणसं बसलेली असताना, वहिनींनी पुन्हा विषय काढला. डॉक्टरांच्या हातात नारळ होता. तो गणपतीपुढे ठेवून ते सगळ्यांसमक्ष म्हणाले, बॉस्टन ज्या वर्षी चॅम्पियन होईल त्या वर्षी आपण गाशा गुंडाळायचा. शब्द.

वहिनींनी साधा विचार केला. आठ-दहा टीम असतील, आळीपाळीने जिंकत असतील, दोन-चार वर्षांचा प्रश्न. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना दुसऱ्यांदा मोदक वाढले. बॉस्टन शेवटचं जिंकलं ते पहिलं महायुद्ध संपायच्या सुमारास, हे त्यांना महिनाभराने लायब्ररीत कळलं.

दुसरी बाई असती तर तिने नारळ डोक्यात घातला असता. वहिनी भूगोलाच्या बाई. त्यांनी बेसबॉलचं पुस्तक आणलं. पहिल्यांदा त्यांचं मत असं होतं की विटीदांडूतून विटी काढली आणि पगार घातला की हा खेळ होतो. पण दर एप्रिलला मोसम सुरू होताच त्या बॉस्टनच्या मागे उभ्या राहू लागल्या, कारण बॉस्टन जिंकणं म्हणजे कोल्हापूर. तिकडे त्यांनी आणि धाकटी बहीण शालन हिने मिळून रंकाळ्याजवळ घर बांधलं. वर शालन, खाली कुलूप. खालच्या मजल्याच्या खिडक्या हवा यावी म्हणून शालन आठवड्यातून एकदा उघडायची आणि पत्रात न चुकता लिहायची, ताई, यंदा टीम कशी आहे?

असा तो संसार. नवरा जन्मभर ज्यांच्यासाठी जीव टाकतोय, ते जिंकले तर त्याचं लीड्स सुटतंय. बायकोला ज्या खेळाशी देणंघेणं नाही, तो खेळ जिंकला तरच तिचं घर उघडतंय. दोघे एकाच सोफ्यावर एकाच टीमसाठी हात जोडून बसलेले. मी इतकी लग्नं बघितली, इतकं एकमत कुठे बघितलं नाही.

दोन हजार तीनला प्रकरण हातघाईवर आलं. न्यूयॉर्कविरुद्ध सेमीफायनलची शेवटची मॅच, बॉस्टन पुढे, मग बरोबरी, मग जादा डाव, आणि एका फटक्यात न्यूयॉर्क जिंकलं. टेप बघून झाल्यावर दिलीपनेसुद्धा गुपचूप बश्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या. रडल्या त्या वहिनी. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, धूळ खाऊन पडदे कुजले असतील तिकडचे. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माणूस खरोखर दुःखी होता, मी त्यांचा चेहरा बघत होतो. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी बागेतलं गवत कापायला नवा लॉनमोअर आणला.

आणि मग आलं दोन हजार चार. पुन्हा न्यूयॉर्क, पुन्हा सेमीफायनल; सात मॅच, चार जिंकेल तो फायनलला. पहिल्या तिन्ही मॅच न्यूयॉर्कने जिंकल्या, तिसरी तर इतकी बेदम मारून की दिलीप सद्गदित झाला. आता एक हरलं की संपलं. तीन-शून्यवरून बेसबॉलच्या इतिहासात कुणी परत आलेलं नव्हतं. डॉक्टर हळहळले, मिशी ओढली, आणि वसंतात फुलणारे ट्यूलिपचे कांदे आणून दारासमोर पुरले. त्यांची रिटायरमेंट मार्चअखेर होती. ट्यूलिप एप्रिलमध्ये फुलतात. वहिनींनी ते पुरताना खिडकीतून बघितलं आणि पडदा ओढून घेतला.

बॉस्टनने चौथी जिंकली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. पाचवी जिंकली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, पण चहा सांडला. सहाव्या मॅचमध्ये त्यांचा एक पिचर घोट्याला टाके घालून खेळला, मोज्यावर रक्त दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, "कुठल्या गाढवाने याला उभं केलं? घरी पाठवा त्याला, विश्रांती द्या." वहिनी म्हणाल्या, "का हो? चांगला तर टाकतोय." सातवी मॅच बॉस्टनने एकतर्फी मारली. दिलीप कोट घालून न जेवता घरी गेला. डॉक्टर खुर्चीत बसून होते, गालांवरून पाणी वाहत होतं. केतकी त्या दिवशी आलेली, तिने विचारलं, "बाबा, तू खुशीचा रडतोय की दुसरा?" त्यांनी नुसती मिशी पुसली. मला वाटतं, त्यांनाही माहीत नव्हतं.

आता फायनल, सेंट लुईसविरुद्ध, इथेही चार जिंकायच्या. तीही बॉस्टन सरळ जिंकत चाललं. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या मॅचच्या रात्री चंद्रग्रहण होतं. वहिनींनी सगळ्या डब्यांवर तुळशीचं पान ठेवलं आणि लवकर निजल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नेहमीचे सभासद जमलो. डॉक्टर शिंकत होते. म्हणाले, पहाटे बागेत उभं राहून ग्रहण बघितलं, सर्दी झाली.

टेप सुरू झाली. बॉस्टन पहिल्यापासून पुढे. टीव्हीवाले मधून मधून तोच तांबूस चंद्र दाखवत होते. वहिनी पुढे सरकून बसलेल्या. आठवा डाव संपला. शेवटचा डाव सुरू झाला, आता फक्त तीन गडी बाद व्हायचे, आणि पडदा निळा झाला. टेप संपली. तीन तासांची टेप, मॅच त्याहून लांबली होती. नेहमी चार तासांची लावणाऱ्या माणसाने त्या रात्री तीन तासांची लावली होती.

फोन उचलला असता तर निकाल अर्ध्या मिनिटात कळला असता. मी तसं म्हटलंही. डॉक्टर उभे राहिले आणि न्यायाधीशासारखे म्हणाले, "मी जे बघितलं नाही ते घडलेलं नाही. नेम म्हणजे नेम. मला कुणी सांगायचं नाही." वहिनी स्वयंपाकघरात गेल्या. तिथे केतकीला फोन लावल्याचं मला ऐकू आलं. चहा घेऊन आल्या तेव्हा ट्रेमधल्या कपबश्या किणकिणत होत्या. त्यांनी नवऱ्याला चहा दिला, साखर विचारली, आणि बसल्या. दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा मी हळूच म्हटलं, वहिनी, सांगून टाका. म्हणाल्या, "मी नाही सांगणार. शब्द त्यांनी दिलाय. त्यांच्या तोंडून निघू दे."

पुढचे दोन आठवडे सगळं लीड्स हादरलेलं होतं. ज्या क्षणासाठी या माणसाने जन्म घालवला, तो घडून गेला होता आणि हा कानात कापूस घालून हिंडत होता. पेपर बंद. रेडिओ बंद. सिस्टर हवामानावर बोलून बोलून हवामानखात्यात नोकरीला लागायच्या बेताला आल्या. माझ्या दुकानात एकाने 'बॉस्टन' शब्द उच्चारताच डॉक्टर चष्मा न घेता निघून गेले. आणि घरी वहिनी रोज भाकरी थापत होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. त्या घरात मीठ मागायलाही मला भीती वाटायची.

दिवाळीला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, नेहमीप्रमाणे चर्चच्या हॉलमध्ये. पुढे पोरं नाचत होती, मागे रेडिएटरपाशी आम्ही पुरुष फराळाच्या बश्या घेऊन उभे. वहिनी लाडवांचं ताट घेऊन आल्या आणि दिलीपच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. मी बघितलं. दिलीप थोडा वेळ चिवडा चघळत राहिला आणि मग सहज म्हणाला, काका, आता दोन आठवडे झाले, सांगतोच, बॉस्टन शेवटच्या डावात गडगडलं. सोपा सरपटी चेंडू, पिचरच्या हातातून सुटला, तिथून ही मॅच गेली, मग पुढच्या तिन्हीही.

"सुटला?" डॉक्टर गरजले. पुढचा नाच थांबला. "हातात आला त्याच्या. दोन पावलं पळत गेला आणि फर्स्ट बेसवरच्या गड्याला खालून अलगद दिला, शेवटचा गडी आऊट. असा." आणि त्यांनी हातातला बेसनाचा लाडू खालून अलगद फेकला. तो मी झेलला.

लाडू माझ्या हातात होता आणि सगळा हॉल मागे वळून बघत होता. डॉक्टरांचा हात तसाच हवेत. वहिनी ताट घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कधी बघितलंत?"

"ग्रहणाच्या दिवशी," डॉक्टर म्हणाले. "ग्रहण बघायला उठलो होतो."

"कुठं बघितलंत ग्रहण?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. "टीव्हीवर," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ताट जाणार. वहिनींचा चेहरा लाल झाला आणि त्या जे बोलल्या त्याने मी नारळाच्या शपथेपेक्षा जास्त हादरलो. त्या म्हणाल्या, "माझ्याशिवाय बघितलंत? मला उठवलं नाहीत?"

डॉक्टर खुर्चीत बसले. हळू आवाजात, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं सांगू लागले, पण तालमीतला आवाज, सगळ्यांनाच ऐकू आलं. सोफ्यावरची उशी तोंडात धरून बसलो होतो, म्हणाले. ओरडता येईना. शेवटी उठून नाचलो, पण मोजे घालून. इतकी वर्षं वाट बघितली आणि आनंद करायला घरात कुणी नाही. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "एप्रिलची तिकिटं काढ. शब्द आहे." वहिनींनी ताट माझ्याकडे दिलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. पोरांचा नाच पुन्हा सुरू झाला.

शब्द पाळला. मार्चअखेर हॉस्पिटलने निरोप दिला. सिस्टर भाषणात हवामानावर बोलल्या आणि रडल्या. घर विकलं. शालनने खालचा मजला रंगवून घेतला, कुलूप काढून फेकून दिलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केतकी, दिलीप आणि मी त्यांना सोडायला मँचेस्टर विमानतळावर गेलो. डॉक्टर हॅट घालून पुढे, खांदे थोडे उतरलेले. वहिनी मागे, नवी इरकली नेसलेल्या, जन्मभर ज्या रांगेची वाट बघितली त्या रांगेत. मागे वळूनही बघेनात. मी मनात म्हटलं, बाई जिंकली.

त्यांचा नंबर आला. बॅग पट्ट्यावर ठेवायची, तर वहिनी थबकल्या. मागचे चार जण एकमेकांवर आदळले. त्या कपाळावर हात मारून पुढे गेलेल्या नवऱ्याकडे बघत, अख्ख्या टर्मिनलला ऐकू जाईल अशा भूगोलाच्या तासाच्या आवाजात ओरडल्या,

"अहो, थांबा की! कोल्हापुरात बेसबॉल लागतं का टीव्हीला, ते विचारलंच नाही आपण!"